दुनळीत टरफल अडकतं तेव्हा: दोष काडतुसाचा, चेंबरचा की एक्स्ट्रॅक्टरचा?

विदर्भातल्या खेड्यात परवान्याची बंदूक म्हटली की बहुधा बारा बोअरच. एकनळी नाहीतर दुनळी, मधून मोडून उघडणारी, कित्येकदा आजोबांकडून वारसाहक्काने आलेली. वर्षातला बराचसा काळ ती कपाटात असते आणि तूर, हरभरा भरात आला की जागलीला बाहेर निघते. अशा बंदुकीची नेहमीची तक्रार म्हणजे बार होतो, बंदूक उघडते, पण टरफल, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच, निघत नाही. मग चाकूचं टोक, पेचकस, जे हाताला लागेल ते कडेखाली घातलं जातं. टरफल निघतं, पण एक्स्ट्रॅक्टरचा ओठ वाकतो आणि दहा मिनिटांच्या सफाईत गेला असता असा दोष कायमचा होऊन बसतो.

नवख्याने एक सवय आधी लावून घ्यावी. अडकून निघालेलं टरफल फेकायचं नाही. दोष कुठे आहे हे निम्म्याहून जास्त वेळा त्या टरफलावरच उमटलेलं असतं, आणि बंदुकीला हात लावण्याआधी ते बघायचं असतं.

भागांची ओळख

चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचा, काडतूस बसतं तो किंचित रुंद भाग. बारा बोअर नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिमी, चेंबरचा मागच्या तोंडाशी सुमारे २०.५ मिमी, आणि काडतुसाची कड सुमारे २२.५ मिमी. कड रुंद असल्यामुळेच काडतूस आत घसरून जात नाही आणि एक्स्ट्रॅक्टरला धरायला जागा मिळते.

एक्स्ट्रॅक्टर म्हणजे दोन्ही नळ्यांच्या मध्ये, मागच्या तोंडाशी बसलेली अर्धचंद्राकार पट्टी. बंदूक मोडली की ती बाहेर सरकते आणि काडतूस अर्धा-पाऊण सेंटिमीटर वर उचलते. पुढचं काम बोटांचं. इजेक्टर असलेल्या दुनळीत ही पट्टी दोन तुकड्यांत असते. जी नळी झाडली तिचंच टरफल स्प्रिंगच्या झटक्याने बाहेर उडतं आणि न झाडलेलं काडतूस नुसतं वर येऊन थांबतं. आपली बंदूक यातली कोणती हे आधी पाहून घ्या. साध्या एक्स्ट्रॅक्टरच्या बंदुकीतून टरफल उडत नाही म्हणून दुरुस्तीला नेणारेही असतात.

काडतुसाचं खालचं धातूचं टोक म्हणजे बूड, त्याच्या मधोमध बार पेटवणारी टोपी, वरचं प्लास्टिकचं किंवा कागदाचं नळकांडं. बार होताच बूड क्षणभर फुगून चेंबरला चिकटतं, त्यामुळे वायू मागे येत नाही. दाब उतरला की ते परत आकसतं. टरफल अडकतं म्हणजे हे आकसणं तरी पुरेसं होत नाही, चेंबरची भिंत त्याला धरून ठेवते, नाहीतर ओढणाराच ढिला असतो.

अडकल्याबरोबर काय करायचं

नळीचं तोंड माणूस, जनावर, घर नसलेल्या दिशेला, शक्यतो समोरच्या जमिनीकडे. बोट चापापासून दूर. आधी एवढंच ठरवा की बार खरोखर झाला का.

नुसती ‘टक्’ झाली आणि आवाज आला नाही, तर बंदूक तशीच धरून किमान ३० सेकंद थांबा. टोपीने उशिरा पेट घेतला तर बार नंतरही होऊ शकतो. मग चेहरा बाजूला ठेवून बंदूक उघडा. काडतूस आपोआप वर आलं तर काढून वेगळं ठेवा, ते पुन्हा झाडू नका. पण न झालेलं काडतूस आत घट्ट अडकलं असेल तर तिथेच हात आवरायचा. तोंडाकडून काठी घालून ठोकणं, कडेखाली पेचकस घालणं, दोन्ही नको. नळीखालचं लाकूड, म्हणजे फोरएंड, काढून नळ्या दस्त्यापासून सुट्या करा. टोपीवर ठोका देणाऱ्या पिना दस्त्याकडच्या भागात असल्यामुळे निम्मा धोका तिथेच कमी होतो. उरलेल्या निम्म्यासाठी नळ्यांची दोन्ही टोकं कुणाच्या अंगाकडे होणार नाहीत अशा धरा, परवाना सोबत घ्या आणि परवानाधारक गन हाऊसला आधी फोन करून मगच जा.

आवाज झाला पण ‘फुस्स’ असा बसका, धक्काही जाणवला नाही, तर वाद (वॅड), म्हणजे काडतुसात दारू आणि छर्रे यांच्या मधे असलेला गट्टू, नळीत अडकलेला असू शकतो. पुढचं काडतूस घालण्याआधी नळ्या सुट्या करून मागच्या बाजूने उजेडाकडे बघा. वाद अडकलेला असताना दुसरा बार झाला तर नळी फुगते किंवा फाटते. २० बोअरचं काडतूस (आकडा मोठा असला तरी ते बारा बोअरपेक्षा बारीक असतं) चुकून बारा बोअरच्या नळीत गेलं तरी गत तीच होते. ते चेंबरमधून पुढे घसरून अडकतं, मागून नळी रिकामी वाटते आणि माणूस त्यावर बारा बोअरचं काडतूस चढवतो. बहुतेक कंपन्या २० बोअरचं नळकांडं पिवळं ठेवतात ते यासाठीच. घरात दोन्ही बंदुका असतील तर काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवू नका.

झाडलेलं टरफल काढणं

बार नक्की झाला असेल तर काम सोपं आहे. लागणाऱ्या वस्तू दोनच: पातळ तेल आणि लाकडी काठी. सागवानाची किंवा सरळ, गाठी तासलेल्या बांबूची काठी घ्या, १४ ते १५ मिमी जाड आणि ९० सेंमी लांब. ३० इंची नळी ७६ सेंमीची असते, म्हणजे धरायला पुरेसं टोक उरतं. फुल चोक, म्हणजे पुढच्या टोकाला मुद्दाम आवळलेल्या, नळीचं तोंड साधारण १७.५ मिमीपर्यंत अरुंद असतं, त्यातूनही ही काठी जाते. लोखंडी सळई नको, ती चोकला आतून ओरखडे पाडते.

१. नळ्या सुट्या करा. दुसऱ्या नळीत काडतूस असेल तर ते आधी बाहेर.

२. काठी तोंडाकडून हळूच आत सोडा. ती टेकली की नळीच्या तोंडाशी पेन्सिलची खूण करा, काठी काढा आणि नळीच्या बाहेरून लावून बघा. टरफल रिकामं असेल तर काठीचं टोक नळीच्या मागच्या टोकाच्या एक-दोन सेंटिमीटर अलीकडे येतं. पाच-सहा सेंटिमीटर कमी पडत असेल तर आत अजून छर्रे किंवा वाद आहे. तिथे थांबा आणि वर न झालेल्या काडतुसाबद्दल सांगितलंय तसं करा.

३. कडेभोवती शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब सोडा. नळ्या मागचं तोंड वर करून १५-२० मिनिटं उभ्या ठेवा.

४. नळ्यांचं मागचं तोंड जाड गोणपाटावर, जमिनीपासून जरा उचलून धरा आणि काठीने सरळ दाब द्या. निघालं नाही तर काठीवर लाकडी थापीचे हलके टोले. दाबताना एक्स्ट्रॅक्टर कडेच्या खाली नीट आहे ना हे बघा, नाहीतर सगळा जोर त्याच्या ओठावर येतो.

कधी बूड निघून येतं आणि प्लास्टिकचं नळकांडं आतच राहतं. हा प्रकार फसवा आहे, कारण टरफल निघाल्यासारखं वाटतं. हातात आलेलं टरफल नेहमीपेक्षा आखूड किंवा फाटलेलं दिसलं की नळीतून उजेड बघितल्याशिवाय पुढचं काडतूस घालायचं नाही.

आता टरफल उन्हात धरून बघा

बुडावर लांबीच्या दिशेने ओरखडे असतील तर चेंबरमध्ये गंजाचे खड्डे किंवा कुठेतरी वर आलेला धातू आहे. खात्री करायला पुढच्या वेळी, रेंजवर, काडतूस घालताना बुडाच्या वरच्या बाजूला मार्करने ठिपका द्या. दोन-तीन टरफलांवर ओरखडा ठिपक्यापासून त्याच अंतरावर आला तर जागा सापडली. दर वेळी वेगळीकडे आला तर दोष काडतुसांचा किंवा मळाचा.

बूड एका बाजूने फुगलंय, टोपी तळाच्या पातळीवरून बाहेर उचललीय, तर बंदूक नीट मिटत नाही असा संशय घ्या. फोरएंड काढून नळ्या धरून हलवा. खुळखुळ जाणवली किंवा मिटलेल्या सांध्यातून उजेड दिसला तर बंदूक बाजूला ठेवा. ही घरची गोष्ट नाही.

कडेला एकाच ठिकाणी चंद्रकोरीसारखा घास पडलाय म्हणजे एक्स्ट्रॅक्टरने जोर लावला पण टरफल हललं नाही. इथे दोष ओढणाऱ्यात नाही, पकडून ठेवणाऱ्यात आहे, म्हणून चेंबर बघा. उलट कड कोरी आणि एक्स्ट्रॅक्टर तिच्यावरून सटकलेला, तर दोष एक्स्ट्रॅक्टरचा. या एका फरकावर दुकानदाराशी होणारी अर्धी वादावादी वाचते.

नळकांड्यावर काळे पट्टे, प्लास्टिक वितळल्यासारखं, तर चेंबरमध्ये जुन्या प्लास्टिकचा थर बसलाय.

मग अदलाबदल. अडकणं एकाच नळीत होतं की दोन्हीत? फक्त उजवीत होत असेल तर उजवं चेंबर, कारण एकनळीसारखी वापरून लोक उजवीच जास्त झाडतात आणि डावी कोरी राहते. दोन्हीत होत असेल तर दुसऱ्या खोक्यातली काडतुसं वापरून बघा. नव्या खोक्याने त्रास थांबला तर बंदुकीला काही करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. सफाई, तेल आणि काडतुसं एकाच दिवशी बदलली तर त्रास गेला तरी कशाने गेला ते कळत नाही.

काडतूस

बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर वर पितळेचा मुलामा असला तरी आत पोलाद आहे. पोलाद पितळेइतकं परत आकसत नाही, म्हणून थोड्या खडबडीत चेंबरमध्ये पोलादी बुडाची काडतुसं अडकतात आणि पितळी बुडाची सुटून येतात. जुन्या बंदुकीला पितळी बूडच मानवतं.

लांबीचा घोळ याहून गंभीर आहे. खोक्यावर लिहिलेली ६५, ७० किंवा ७६ मिमी ही लांबी झाडून उघडलेल्या टरफलाची असते. न झाडलेलं ७० मिमीचं काडतूस ६० मिमीच्या आसपास भरतं, त्यामुळे ते ६५ मिमीच्या चेंबरमध्ये मजेत बसतं. झाडल्यावर मात्र त्याची पुढची घडी उघडायला जागा उरत नाही, ती पुढच्या अरुंद भागात घुसते, दाब वाढतो आणि टरफल आवळून बसतं. जुन्या इंग्रजी बंदुका बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिमीच्या असतात. नळ्या सुट्या करून खालच्या सपाट भागावरचे शिक्के बघा. अडीच, पावणेतीन किंवा तीन इंचांचा आकडा तिथे कोरलेला असतो. शिक्का पुसलेला असेल तर गन हाऊसमध्ये गेजने मोजून घ्या. ‘बसलं म्हणजे चालतं’ हा नियम इथे लागू नाही.

कागदी नळकांड्याची जुनी काडतुसं कुणाकडे उरली असतील तर ती पावसाळ्यात फुगतात. घालतानाच जोर लागला तर घालू नका. उन्हाचंही तेच. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये राहिलेल्या काडतुसाचा दाब वाढतो, तापलेलं प्लास्टिकही मऊ पडतं. झाडण्याआधी काडतुसं सावलीत हाताला थंड लागेपर्यंत ठेवा.

चेंबरची सफाई

बारा बोअरचा ब्रश नळीच्या मापाचा असतो, चेंबरमध्ये तो ढिला फिरतो आणि मळ तसाच राहतो. चेंबरसाठी १० बोअरचा फॉस्फर-ब्राँझ ब्रश घ्या. काठीला लावून, सॉल्व्हंट किंवा स्वच्छ राकेलमध्ये बुडवून मागच्या बाजूने आत घाला आणि हातानेच, घड्याळाच्या दिशेने, वीस-पंचवीस वेळा फिरवा. दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा फिरवा. मग पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे, कापड स्वच्छ निघेपर्यंत. प्लास्टिकचा थर हट्टी असतो, दोन-तीन बैठका लागतात. राकेल वापरलं असेल तर ते पूर्ण पुसून मगच तेलाचा पातळ हात द्या, राकेल गंज थांबवत नाही.

पॉलिश पेपर, भांड्याची तारेची घासणी, ड्रिल मशीन, यांपैकी काहीही चेंबरमध्ये जायला नको. चेंबर मागून पुढे किंचित निमुळतं असतं. घासून त्यात आडवी चाकोरी पडली की फुगलेलं बूड त्यात रुतून बसतं आणि आधी कधीमधी अडकणारं टरफल दर बाराला अडकतं. खड्डे खोल असतील तर होनिंग, म्हणजे आतून मापात घासून घेणं, लागतं, ते कारागिराकडे.

बंदूक ठेवताना चेंबरला तेल हवं, झाडताना ते कोरडं हवं. तेलकट चेंबरमध्ये फुगलेलं बूड भिंतीला धरून राहत नाही, सगळा धक्का मागच्या सांध्यावर येतो. जागलीला निघण्याआधी कोरडं कापड एकदा फिरवा.

सफाई जमली की नाही हे डमी, म्हणजे दारू नसलेल्या नकली, काडतुसाने तपासा, घरात खरं काडतूस घालून नाही. डमी स्वतःच्या वजनाने आत पडलं पाहिजे आणि नळ्या उलट्या केल्या की तसंच बाहेर.

एक्स्ट्रॅक्टर

टरफलाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या पुढे सटकून अडकली की बंदूक मिटत नाही आणि टरफलही निघत नाही. नळ्या सुट्या करा, एक्स्ट्रॅक्टर बोटाने पूर्ण बाहेर ओढून धरा, आणि काठीने टरफल मागे ढकलताना ते एक्स्ट्रॅक्टरच्या विरुद्ध बाजूला झुकवा. कडेला जागा मिळते आणि ते सुटतं.

असं का झालं? बहुतेक वेळा एक्स्ट्रॅक्टरच्या खाली कचरा असतो. कपाशीचे तंतू, काळ्या मातीची धूळ आणि जुनं तेल यांची तिथे खळ होते. पट्टी आपल्या खाचेत पूर्ण बसत नाही आणि कडेवर तिची पकड उरत नाही. ती बाहेर ओढून, खालची खाच आणि तिचा दांडा दातांच्या जुन्या ब्रशने आणि बांबूच्या काडीने साफ करा, तेलाचा एकच थेंब द्या. सफाईनंतर मिटलेल्या स्थितीत पट्टी नळ्यांच्या तोंडाशी समतल दिसली पाहिजे. बोटाने दाबून हलवल्यावर ती डुलत असेल तर दांडा वाकलाय किंवा अडवणारा स्क्रू ढिला झालाय. ओठाची धार गोल झाली असेल तर भरून-घासून नवी करावी लागते. हे काम गावच्या लोहाराचं किंवा वेल्डरचं नाही, त्याचा हात कितीही चांगला असला तरी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो.

तेलाबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण अर्धे एक्स्ट्रॅक्टर तेलानेच बसतात. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरच्या रात्री वावरात पारा त्याच्या कितीतरी खाली असतो, म्हणजे नेमक्या जागलीच्या दिवसात एक्स्ट्रॅक्टर जड होतो. जवसाचं तेल हवेत सुकून कडक पापुद्रा धरतं. ते दस्त्याच्या लाकडाला उत्तम, लोखंडाच्या हलत्या भागाला अजिबात नको. ट्रॅक्टरचं ग्रीस धूळ धरतं. शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही थेंबाने, एवढं पुरतं.

इजेक्टरच्या बंदुकीत दोन्ही नळ्यांत डमी घालून, मिटवून, दोन्ही चाप ओढा आणि उघडा. दोन्ही डमी एकदम उडून जवळजवळ पडल्या पाहिजेत. एक मागे राहिली तर फोरएंडमधलं तेल सुकलंय किंवा स्प्रिंग मेलीय. फोरएंड पुसून एक थेंब तेल द्या. तरी फरक पडला नाही तर आतली यंत्रणा उघडू नका, त्या स्प्रिंग ताणलेल्या असतात.

बंदूकच उघडत नाही

हा वेगळा आजार आहे, पण लोक त्यालाही ‘टरफल अडकलं’ म्हणतात. पिन टोपीत रुतून राहिली की बंदूक मोडताना अडते. जोर करून उघडली तर टोपीवरचा गोल खड्डा एका बाजूला ओढला जाऊन त्याला शेपूट फुटलेलं दिसतं. शेपूट दिसलं की पिन आणि तिची स्प्रिंग तपासायला द्या. बाहेर घोडे असलेल्या जुन्या दुनळीत घोडा आपोआप मागे सरकत नसेल तर तो आधी अर्ध्या खाचेवर आणा, मग उघडा. गुडघ्यावर आपटून उघडणं म्हणजे बिजागरीचा जीव घेणं.

ठेवण्याची जागा

काडतुसं गोठ्याशेजारच्या खोलीत किंवा युरियाच्या पोत्यांजवळ ठेवू नका. इंग्रजांच्या काळात भारतातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की न झाडता तडकत. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळेत घडणीपासून राहिलेला ताण यांची ही करणी, हे १९२१ मध्ये उलगडलं. गोठा आपल्याकडे घराला लागूनच असतो. म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि जागा टिनाखालची नाही, तर सावलीच्या भिंतीची, कुलपातली.

बंदूक रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवली की चेंबर गंजलंच समजा. तेलाचा हात देऊन, सुती कापडात गुंडाळून, कोरड्या कपाटात, पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. निवडणुकीत ती ठाण्यात जमा करायला सांगितली तर त्याआधी चेंबर आणि नळ्यांना नेहमीपेक्षा जाड तेल द्या, पावती घ्या आणि परत आल्यावर त्याच दिवशी पुसून बघा. निवडणुकीनंतरच्या पहिल्याच बाराला टरफल अडकतं, त्यामागे बहुधा हा महिना-दीड महिन्याचा गंज असतो. बंदुकीचा परवाना म्हणजे रोही-डुकरावर बार टाकायची मुभा नव्हे, त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

कारागिराकडे जाताना बंदुकीसोबत अडकलेली दोन-तीन रिकामी टरफलं, न अडकलेलं एक, आणि काडतुसांचं खोकं न्या. टरफलांवर उजवी-डावी नळी लिहून ठेवलेली असावी. परवान्याची मूळ प्रत सोबत हवी, आणि दुरुस्तीला ठेवलेल्या बंदुकीची, नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका.